पेंटियम जी४५६० आणि रायझन ३ १२००: दोन जुन्या स्वस्त प्रोसेसरांची तुलना पायरीपायरीने कशी करावी

इंटेलचा पेंटियम जी४५६० जानेवारी २०१७ मध्ये बाजारात आला आणि एएमडीचा रायझन ३ १२०० त्याच वर्षी २७ जुलैला आला. दोन्ही डेस्कटॉपसाठी होते, दोन्ही आपापल्या मालिकेतल्या स्वस्त टोकाला होते, आणि जुन्या संगणकांच्या खरेदी-विक्रीत ते आजही एकमेकांच्या शेजारी दिसतात. शाळकरी मुलाचा अभ्यास, कार्यालयातली पत्रे आणि तक्ते, घरातल्या फायली साठवणारा छोटा सर्व्हर किंवा काही वर्षांपूर्वीचे खेळ, एवढ्यासाठी यंत्र उभे करणाऱ्यासमोर या दोहोंतला एक निवडण्याचा प्रसंग हमखास येतो. अशा वेळी बहुतेक जण एखादा गुणांक पाहतात, ज्याचा आकडा मोठा तो उचलतात, आणि काही महिन्यांनी एखादा प्रोग्राम सुरूच होत नाही किंवा पुढचा प्रोसेसर मदरबोर्डावर बसतच नाही, हे ध्यानात आल्यावर हळहळतात.

माझे मत असे आहे की स्वस्त प्रोसेसरांची तुलना त्यांच्यात काय आहे यापेक्षा त्यांच्यातून काय काढून घेतले आहे यावरून करावी. स्वस्त प्रोसेसर हा महाग प्रोसेसरचाच धाकटा भाऊ असतो. किंमत उतरवण्यासाठी कंपनीने कुठेतरी कात्री चालवलेली असते, आणि ती नेमकी कुठे चालली हे कळले की तो प्रोसेसर आपल्या कामाला पुरेल की नाही हे बरेचसे तिथेच ठरते. खालील पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत. उदाहरण या दोन प्रोसेसरांचे असले तरी हीच पद्धत इतर कोणत्याही जुन्या जोडीला लावता येईल.

पहिली पायरी: नाव पूर्ण वाचा

जुन्या मालात सर्वांत महाग पडणारी चूक नाव अर्धवट वाचल्याने होते. जी४५०० आणि जी४५६० ही नावे सारखीच वाटतात आणि दोहोंचा वेगही ३.५ गिगाहर्ट्झच आहे. परंतु जी४५०० हा त्याआधीच्या स्कायलेक पिढीचा असून त्याचे दोन कोर (काम करणारे स्वतंत्र भाग) एका वेळी दोनच थ्रेड (कामाचे धागे) चालवतात, तर केबी लेक पिढीच्या जी४५६० मध्ये हायपर-थ्रेडिंग असल्यामुळे दोन कोर चार थ्रेड चालवतात. जी४५६० गाजला तो याच कारणाने, कारण तोवर डेस्कटॉपसाठीच्या कोअर आय३ मध्ये असलेली ही सोय त्याने पेंटियमच्या किमतीत देऊ केली. त्याच नावापुढे टी हे अक्षर असेल तर तो ३५ वॅटचा, २.९ गिगाहर्ट्झवर चालणारा कमी विजेचा प्रकार समजावा. रायझनच्या बाजूला १२०० आणि १३००एक्स यांत वेगाचा फरक आहे, आणि २२००जी हा तर वेगळाच प्रकार असून त्यात अंगभूत ग्राफिक्स आहे.

विक्रेत्याच्या शब्दावर किंवा खोक्यावर विसंबू नये. प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावर कोरलेले नाव वाचावे. यंत्र चालू स्थितीत असेल तर विंडोजवर सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम आणि लिनक्सवर एलएससीपीयू ही आज्ञा नाव, कोर, थ्रेड, कॅश (प्रोसेसरमधली जलद स्मृती) आणि सूचनासंच (त्याला कळणाऱ्या आज्ञांचे गट) हे सगळे दाखवते. या माहितीचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण चौथ्या पायरीत ते लागणार आहे.

दुसरी पायरी: कात्री कुठे चालली ते शोधा

जी४५६० हा १४ नॅनोमीटर तंत्राने बनलेला, ५४ वॅट औष्णिक मर्यादेचा प्रोसेसर आहे. त्याचा वेग ३.५ गिगाहर्ट्झवर बांधलेला असून टर्बो (गरजेनुसार आपोआप वाढणारा वेग) नाही, गुणक (वेग ठरवणारा आकडा) कुलूपबंद असल्यामुळे तो वाढवता येत नाही, आणि तिसऱ्या पातळीची कॅश ३ मेगाबाइट आहे. त्याच्यासोबत एचडी ग्राफिक्स ६१० हे अंगभूत ग्राफिक्स येते. त्याच्यातून काढून घेतलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे एव्हीएक्स आणि एव्हीएक्स-२ हे सूचनासंच. माहितीपत्रक वरवर चाळणाऱ्याला ही उणीव दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी पुढे स्वतंत्र पायरी ठेवली आहे.

रायझन ३ १२०० ची गोष्ट वेगळी आहे. पहिल्या पिढीच्या आठ कोरांच्या रायझनमध्ये जी सिलिकॉनची चकती असते तीच याच्यातही आहे, फक्त तिच्यातले चार कोर आणि निम्मी तिसऱ्या पातळीची कॅश बंद केलेली आहे. म्हणून चार कोर, एसएमटी (हायपर-थ्रेडिंगसारखीच सोय) काढून टाकल्यामुळे चारच थ्रेड, आणि १६ ऐवजी ८ मेगाबाइट कॅश अशी त्याची रचना झाली. मूळ वेग ३.१ आणि बूस्ट ३.४ गिगाहर्ट्झ आहे, औष्णिक मर्यादा ६५ वॅट आहे आणि गुणक मोकळा आहे. अंगभूत ग्राफिक्स मात्र मुळीच नाही. या चार कोरांचे दोन-दोनचे दोन गट आहेत, आणि एका गटाला दुसऱ्याच्या कॅशमधली माहिती हवी असेल तर ती इन्फिनिटी फॅब्रिक या अंतर्गत मार्गाने आणावी लागते. त्या मार्गाचा वेग रॅमच्या वेगाशी जोडलेला आहे, त्यामुळे रॅमची निवड या प्रोसेसरवर पेंटियमपेक्षा कितीतरी अधिक परिणाम करते.

आता कागदावर एक ढोबळ हिशेब करून पाहावा. पेंटियमचे दोन कोर गुणिले ३.५ म्हणजे ७ होतात. हायपर-थ्रेडिंगमुळे एकच कोर दोन कामे एकाच वेळी घेतो आणि एका कामात पडलेली फट दुसऱ्याने भरतो. त्याने अनुकूल कामात साधारण पंचवीस ते तीस टक्के भर पडते, म्हणजे ७ चे ९ च्या आसपास होतात. रायझनचे चार कोर सर्व भार घेऊन ३.१ वर चालले तर १२.४ होतात. इंटेलचा कोर त्याच वेगाला थोडे अधिक काम उरकतो, त्यामुळे प्रत्यक्ष फरक या आकड्यांहून कमी भरतो. तरीही सर्व कोर वापरणाऱ्या कामात रायझन साधारण पाव हिश्श्याने पुढे राहील आणि एकाच थ्रेडवर चालणाऱ्या कामात पेंटियम किंचित पुढे राहील, एवढे या हिशेबातून आधीच कळते. पुढे स्वतः केलेल्या मोजणीचे आकडे याच्याशी अगदी विसंगत निघाले, तर प्रोसेसरला दोष देण्यापूर्वी यंत्राच्या जुळणीत काही चुकले आहे का ते पाहावे.

तिसरी पायरी: सोबत काय घ्यावे लागेल ते लिहून काढा

प्रोसेसर एकटा विकत घेता येतो, परंतु एकटा चालत नाही. जी४५६० ला एलजीए ११५१ सॉकेटाचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवण्याची जागा), १०० किंवा २०० मालिकेच्या चिपसेटचा मदरबोर्ड लागतो. बी२५० आणि एच२७० वर तो थेट चालतो. एच११० आणि बी१५० वर मात्र बायोस (बोर्डावरचा, यंत्र सुरू करणारा प्रोग्राम) जुना असेल तर पडद्यावर काहीच येत नाही, आणि बायोस नवा करण्यासाठी आधी स्कायलेक पिढीचा एखादा प्रोसेसर हाताशी लागतो. ३०० मालिकेच्या बोर्डांवर सॉकेटचे नाव तेच आहे आणि प्रोसेसर त्यात बसतोही, पण चालत नाही. ‘सॉकेट एकच आहे ना’ या समजुतीने घेतलेली ही जोडी म्हणजे निव्वळ पैसे वाया घालवणे आहे.

रायझन ३ १२०० ला एएम४ सॉकेट लागतो आणि ए३२०, बी३५०, एक्स३७० हे त्याच्याच काळातले चिपसेट आहेत. यांतला ए३२० ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) करू देत नाही, त्यामुळे मोकळ्या गुणकाचा फायदा हवा असेल तर बी३५० किंवा त्यावरचा बोर्ड पाहावा. नवा दिसतो म्हणून बी५५० घेऊ नये, कारण त्याच्या अधिकृत यादीत पहिल्या पिढीचे रायझन नाहीत.

अंगभूत ग्राफिक्स नसणे ही रायझनची सर्वांत ठळक उणीव आहे. पत्रे, तक्ते, ब्राउझर आणि व्हिडिओ एवढ्यासाठीच यंत्र हवे असेल तर पेंटियमला वेगळे कार्ड लागत नाही, आणि रायझनला एखादे साधे का होईना, कार्ड घ्यावेच लागते. त्या कार्डाची किंमत, त्याला लागणारी वीज आणि त्याच्या पंख्याचा आवाज हे सगळे रायझनच्या खात्यात मांडावे. याउलट खेळांसाठी कार्ड घेणारच असाल तर पेंटियमच्या अंगभूत ग्राफिक्सचे मोल जवळजवळ संपते. कार्ड बिघडले तर पडदा दिसण्याची सोय राहते, एवढाच त्याचा उपयोग उरतो.

रॅमच्या बाबतीत पेंटियम डीडीआर४-२४०० पर्यंत जातो, आणि योग्य बोर्ड असेल तर कमी व्होल्टेजची डीडीआर३एल रॅमही स्वीकारतो. घरात अशी रॅम पडून असेल तर हा खरोखरचा लाभ आहे. रायझन केवळ डीडीआर४ घेतो. त्याची अधिकृत मर्यादा २६६७ असली तरी वर सांगितलेल्या अंतर्गत मार्गामुळे २९३३ किंवा ३२०० ची रॅम त्याला मानवते. मात्र सुरुवातीच्या बायोसमध्ये रॅमशी जुळवून घेण्याच्या पुष्कळ अडचणी होत्या, म्हणून आधी बायोस अद्ययावत करावा आणि त्यानंतरच रॅमचा वेग वाढवावा. दोन्हीकडे एका मोठ्या पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्या लावाव्यात. दोन पट्ट्यांनी दोन्ही मार्ग वापरले जातात, आणि अंगभूत ग्राफिक्स तर याच रॅममधून चित्र काढत असल्यामुळे तिथे हा फरक डोळ्यांना दिसतो.

चौथी पायरी: सूचनासंच तपासा, कारण इथे वेगाचा नव्हे तर शक्य-अशक्यतेचा प्रश्न असतो

प्रोसेसर मंद असेल तर काम उशिरा होते. एखादी सूचना त्याला ठाऊकच नसेल तर काम होतच नाही, प्रोग्राम सुरू होताक्षणी बंद पडतो. एव्हीएक्स इंटेलच्या मुख्य प्रोसेसरांत २०११ पासून आणि एव्हीएक्स-२ २०१३ पासून आहे. इतकी वर्षे लोटल्यावर प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी हे संच गृहीत धरायला सुरुवात केली, आणि २०१७ सालचा असूनही जी४५६० मध्ये हे दोन्ही नाहीत. रायझन ३ १२०० मध्ये दोन्ही आहेत. तो २५६ बिटांची क्रिया १२८-१२८ बिटांच्या दोन तुकड्यांत करतो, त्यामुळे गतीचा पुरा लाभ मिळत नाही, पण प्रोग्राम चालतो.

याचा व्यवहारात अर्थ काय होतो ते पाहू. टेन्सरफ्लो या यंत्रशिक्षणाच्या संचाच्या तयार प्रती आवृत्ती १.६ पासून एव्हीएक्स मागतात. मॉंगोडीबी हा डेटाबेस आवृत्ती ५.० पासून एव्हीएक्सशिवाय चालत नाही. लिनक्सच्या जगात रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ हे एक्स८६-६४ (या प्रोसेसरांचा मूळ सूचनासंच) च्या दुसऱ्या स्तरावर चालते आणि तो स्तर पेंटियम गाठतो. परंतु त्याची १० वी आवृत्ती तिसरा स्तर मागते, ज्यात एव्हीएक्स-२ अनिवार्य आहे, म्हणून ती जी४५६० वर चालणार नाही. संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी यंत्र घेत असाल तर एवढ्या एका कारणावरून मी पेंटियम बाजूला ठेवीन. त्याच्या अभ्यासक्रमात यांपैकी काहीतरी आज ना उद्या येणारच, आणि संदेश न समजता बंद पडणाऱ्या प्रोग्रामशी झगडण्यात त्याचे दिवस वाया जाऊ नयेत असे मला कळकळीने वाटते.

तपासण्याची रीत सोपी आहे. आपण वापरत असलेल्या आणि पुढील दोन-तीन वर्षांत वापरू अशा प्रोग्रामांची यादी करावी, प्रत्येकाच्या संकेतस्थळावर किमान गरजा वाचाव्यात, आणि तिथे एव्हीएक्स हा शब्द आला की पहिल्या पायरीत काढलेल्या छायाचित्रातला सूचनासंच पाहावा. कार्यालयीन प्रोग्राम, ब्राउझर आणि बहुतांश जुने खेळ यांना या संचांची सक्ती नाही, त्यामुळे केवळ तेवढेच वापरणाऱ्याला या पायरीने बिचकून जाण्याचे कारण नाही.

इथे व्हिडिओचाही विचार करून टाकावा. जी४५६० च्या अंगभूत ग्राफिक्समध्ये एचईव्हीसी आणि व्हीपी९ हे व्हिडिओ दाबून साठवण्याचे प्रकार उलगडणारे स्वतंत्र हार्डवेअर आहे. त्यामुळे या प्रकारांतला ४के व्हिडिओदेखील दोन कोरांवर भार न टाकता चालतो, आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी हा प्रोसेसर आजही उत्तम आहे. एव्ही१ हा नवा प्रकार मात्र त्याला हार्डवेअरने उलगडता येत नाही. तो प्रोसेसरच्या कोरांवर पडतो, आणि एव्हीएक्स-२ नसल्याने तिथे पेंटियमची दमछाक होते. रायझनमध्ये व्हिडिओचे काम सर्वस्वी जोडलेल्या ग्राफिक्स कार्डावर अवलंबून असते, म्हणून कार्ड निवडताना ते कोणते प्रकार उलगडते हे पाहिलेच पाहिजे.

पाचवी पायरी: स्वतः मोजा, आणि सरासरीवर थांबू नका

दोन्ही यंत्रे हाताशी असतील, किंवा एक आपल्याकडे आणि दुसरे मित्राकडे असेल, तर मोजणी स्वतः करण्यासारखे दुसरे काही नाही. एकच एसएसडी, एकच ग्राफिक्स कार्ड, एकाच आवृत्तीचा ड्रायव्हर आणि शक्य तर त्याच रॅमच्या पट्ट्या दोन्हीकडे आलटून पालटून लावाव्यात. ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक बोर्डावर नव्याने टाकावी, कारण एका बोर्डावरची जुनी मांडणी दुसऱ्यावर नेली तर नको ते ड्रायव्हर मागे राहतात. अद्ययावतीकरण पूर्ण होऊ द्यावे, यंत्र दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ ठेवावे, आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर खाली बसल्यावरच मोजणी सुरू करावी. दोन कोरांच्या यंत्रावर मागे चालणारी विषाणूतपासणीसुद्धा निकाल बिघडवते.

प्रत्येक चाचणी पाच वेळा घ्यावी, पहिली फेरी सोडून द्यावी आणि उरलेल्या चारांतील मधल्या दोन आकड्यांची सरासरी धरावी. सर्व कोरांच्या क्षमतेसाठी सिनेबेंच, तसेच सेव्हन-झिपमध्येच असलेली चाचणी, या दोन मोफत आणि पुरेशा आहेत. सिनेबेंच एका थ्रेडवरही चालवून पाहावे. यानंतर आपले खरे काम मोजावे: नेहमीची मोठी तक्त्याची फाइल उघडायला लागणारा वेळ, शंभर छायाचित्रे लहान करायला लागणारा वेळ, आपला प्रकल्प कंपाइल व्हायला (यंत्राच्या भाषेत उतरायला) लागणारा वेळ. कृत्रिम चाचणीच्या गुणांपेक्षा या सेकंदांना मी अधिक वजन देतो.

खेळांच्या मोजणीत सरासरी फ्रेमदर फसवा असतो. समजा, एका मिनिटात सेकंदाला ६० या गतीने ३६०० फ्रेम आल्या. त्यांतल्या ३६ फ्रेम, म्हणजे एक टक्का, नेहमीच्या १६.७ मिलिसेकंदांऐवजी ६० मिलिसेकंद घेऊन आल्या, तर सरासरी फारशी हलत नाही, परंतु खेळणाऱ्याला चित्र पुन्हा पुन्हा अडखळताना दिसते. दोन कोरांच्या प्रोसेसरवर नेमके हेच घडते. खेळाचा मुख्य थ्रेड, ड्रायव्हरचा थ्रेड आणि मागची कामे एकाच कोरासाठी रांगेत उभी राहतात, आणि हायपर-थ्रेडिंगने रांग लहान झाली तरी ती मोडत नाही. म्हणून एक टक्का नीचांक, म्हणजे सर्वांत मंद एक टक्का फ्रेमांवरून काढलेला फ्रेमदर, हा आकडा नोंदवावा. तो प्रेझेंटमॉन किंवा कॅपफ्रेमएक्स या मोफत साधनांनी मिळतो. आधी कमी रेझोल्यूशनवर मोजावे, म्हणजे ग्राफिक्स कार्ड मोकळे राहते आणि प्रोसेसरांतला फरक उघडा पडतो. मग आपण प्रत्यक्ष खेळतो त्या रेझोल्यूशनवर मोजावे. जीटीएक्स १०५० टीआयच्या तोडीचे कार्ड असेल तर दुसऱ्या मोजणीत अनेक खेळांत दोन्ही प्रोसेसर सारखेच निघतील, कारण तिथे अडवणारे कार्डच असते.

कार्ड घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. दोन्ही प्रोसेसर कार्ड जोडण्यासाठी पीसीआय एक्सप्रेस ३.० हा मार्ग पुरवतात. रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटीसारखी काही नवी स्वस्त कार्डे केवळ चार मार्गांवर जोडली जातात आणि ४.० गृहीत धरून बनवलेली आहेत, त्यामुळे या दोन्ही यंत्रांवर त्यांची गती कमी पडते. पूर्ण सोळा मार्ग वापरणारे जुने कार्ड अशा वेळी अधिक समंजस निवड ठरते.

ज्याला हायपर-थ्रेडिंगचे मोल जाणून घ्यायचे असेल त्याने पेंटियमवर बायोसमधून ते बंद करून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. एक टक्का नीचांक किती खाली जातो हे पाहिल्यावर जी४५०० आणि जी४५६० यांतला फरक पुन्हा कोणी समजावून सांगावा लागत नाही.

सहावी पायरी: वीज आणि उष्णता

५४ आणि ६५ वॅट हे आकडे कूलर निवडण्यासाठी दिलेल्या औष्णिक मर्यादा आहेत, विजेच्या बिलाचे आकडे नव्हेत. खरा वापर भिंतीवरच्या सॉकेटात लावायच्या मापकाने, यंत्र रिकामे असताना आणि पूर्ण भारावर असा दोनदा मोजावा. दिवसभर चालू राहणाऱ्या घरगुती सर्व्हरसाठी रिकाम्या अवस्थेतला आकडा निर्णायक असतो. तिथे वेगळ्या कार्डाविना चालणारा पेंटियम सहज पुढे जातो. शिवाय तो योग्य सर्व्हर चिपसेटसह ईसीसी (चुका दुरुस्त करणारी) रॅमही स्वीकारतो.

उष्णतेबाबत फार लिहिण्यासारखे नाही. दोहोंसोबत येणारे कूलर पुरेसे आहेत, फक्त जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी.

सातवी पायरी: सुरक्षा आणि ऑपरेटिंग सिस्टिम

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरांतल्या सुरक्षा-त्रुटी जाहीर झाल्या. स्पेक्टरची झळ दोन्ही कंपन्यांना लागली. मेल्टडाउनची झळ जी४५६० ला लागते, रायझनला लागत नाही. मे २०१९ मध्ये जाहीर झालेल्या एमडीएस गटातील त्रुटी इंटेलच्या याच पिढ्यांना लागू पडतात, आणि त्यांपासून पूर्ण संरक्षण हवे असेल तर हायपर-थ्रेडिंग बंद करण्याचा सल्ला दिला जातो. दुसऱ्या कोणत्याही प्रोसेसरपेक्षा जी४५६० ला हा सल्ला महाग पडतो, कारण त्याचे सारे आकर्षणच त्या सोयीत आहे. घरच्या वापरात ऑपरेटिंग सिस्टिमचे आणि ब्राउझरचे नेहमीचे अद्ययावतीकरण करून ती सोय चालू ठेवावी असे माझे मत आहे, परंतु अनोळखी लोकांचे प्रोग्राम चालवणाऱ्या सर्व्हरवर पेंटियम ठेवू नये. लिनक्सवर एलएससीपीयू आज्ञेच्या शेवटच्या भागात प्रत्येक त्रुटीची आणि तिच्यावरच्या उपायाची स्थिती दिसते.

याच संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की २०१८ पूर्वीच्या चाचण्यांचे आकडे या सुरक्षा-उपायांच्या आधीचे आहेत. दोन प्रोसेसरांची तुलना करताना एकाचा आकडा २०१७ चा आणि दुसऱ्याचा नंतरचा, असे कधीही करू नये.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत या दोहोंपैकी एकही नाही. इंटेलच्या बाजूला ती यादी मुख्यतः आठव्या पिढीपासून आणि एएमडीच्या बाजूला रायझन २००० मालिकेपासून सुरू होते. आडवाटेने विंडोज ११ बसवता येते, पण पुढची आवृत्ती बसेलच याची शाश्वती नसते. अशा यंत्रावर मी लिनक्सची एखादी हलकी आणि दीर्घकाळ आधार असलेली आवृत्ती टाकीन.

आठवी पायरी: उद्याचा प्रोसेसर आजच ठरवा

माझ्या दृष्टीने या दोन प्रोसेसरांतला सर्वांत मोठा फरक इथे आहे. जी४५६० च्या बोर्डावर सर्वांत वरचा प्रोसेसर म्हणजे कोअर आय७ ७७००के. तो चार कोर आणि आठ थ्रेडांचा आहे, जुन्या बाजारातही आपली किंमत टिकवून असतो, आणि इतके करूनही विंडोज ११ च्या यादीबाहेरच राहतो. एएम४ सॉकेट मात्र एएमडीने अनेक वर्षे चालवला. बोर्ड बनवणाऱ्याने नवा बायोस दिला असेल तर रायझन ३ १२०० काढून त्याच बी३५० बोर्डावर सहा कोरांचा रायझन ५ ३६०० किंवा ५६०० बसवता येतो, आणि ते दोन्ही विंडोज ११ च्या यादीत आहेत. म्हणजे १२०० घेणारा खरे तर बोर्ड घेत असतो आणि प्रोसेसर तात्पुरता चालवत असतो.

यात क्रम चुकवू नये. बोर्ड घेण्यापूर्वीच त्याच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी उघडून हवा तो प्रोसेसर आणि त्याला लागणारी बायोसची आवृत्ती पाहावी. जुना १२०० बसलेला असतानाच बायोस नवा करावा, यंत्र एकदा नीट सुरू होते का ते पाहावे, आणि मगच प्रोसेसर बदलावा.

नववी पायरी: हातात घेऊन तपासणी

एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाशी असतात आणि एलजीए ११५१ मध्ये त्या बोर्डावर असतात. म्हणून रायझन घेताना प्रोसेसर उलटा करून, उजेडात तिरपा धरून पिनांच्या रांगा सरळ आहेत का ते पाहावे. पेंटियम घेताना प्रोसेसरपेक्षा बोर्डाचा सॉकेट अधिक बारकाईने पाहावा. वाकलेली एखादी पिन बारीक पात्याने सरळ करता येते, पण तुटलेली परत लावता येत नाही.

एएम४ वरून कूलर काढताना घाई करू नये. थर्मल पेस्ट सुकून घट्ट झालेली असेल तर कुलूपबंद सॉकेटातूनसुद्धा प्रोसेसर कूलरला चिकटून उपसून येतो आणि पिना वाकतात. यंत्र आधी दहा मिनिटे भारावर चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, वीज बंद करावी, आणि कूलर सरळ वर न ओढता हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सैल करावा.

चालू यंत्रावर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टची एक पूर्ण फेरी आणि प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्राइम-९५ अर्धा तास चालवण्याची परवानगी मागावी. पहिल्या पिढीच्या रायझनमध्ये २०१७ च्या पूर्वार्धात बनलेल्या काही प्रतींवर लिनक्समध्ये सतत कंपाइल करताना प्रोग्राम अवचित बंद पडण्याचा दोष आढळला होता. एएमडीने तो मान्य करून अशा प्रती बदलूनही दिल्या होत्या. म्हणून लिनक्सवर विकासाचे काम करणाऱ्याने एखादा मोठा प्रकल्प सर्व थ्रेडांवर तासभर पुन्हा पुन्हा कंपाइल करून पाहिल्याशिवाय व्यवहार पक्का करू नये.

दहावी पायरी: घरी आणल्यावरची पहिली संध्याकाळ

पेंटियमवर करण्यासारखे थोडेच असते. बायोस अद्ययावत करावा, दोन्ही रॅमपट्ट्या योग्य खाचांत आहेत आणि २४०० वर चालत आहेत याची खात्री करावी, व्हीटी-एक्स (आभासी यंत्रे चालवण्याची सोय) बंद असेल तर चालू करावे, एवढे पुरते.

रायझनला थोडा वेळ द्यावा लागतो, आणि तो सत्कारणी लागतो. बायोस नवा केल्यावर रॅमचा एक्सएमपी प्रोफाइल (रॅमला तिच्या जाहीर वेगावर नेणारी मांडणी) चालू करावा. यंत्र अडले तर रॅमचा वेग ३२०० वरून २९३३ वर आणावा. लिनक्सवर यंत्र रिकामे असताना गोठत असेल तर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ हा पर्याय ‘टिपिकल करंट आयडल’ वर ठेवावा. बहुतेक वेळा एवढ्याने ते थांबते. ओव्हरक्लॉकिंग करायचे असेल तर व्होल्टेज १.३५ च्या वर न नेता वेग १००-१०० मेगाहर्ट्झने वाढवावा, प्रत्येक टप्प्यावर प्राइम-९५ चालवून तापमान पाहावे, आणि पहिली चूक दिसताच एक टप्पा मागे यावे. पुष्कळ प्रती ३.७ ते ३.९ गिगाहर्ट्झपर्यंत जातात. मग वरच्या ढोबळ हिशेबातले १२.४ हे १५ च्या आसपास पोहोचतात आणि एका थ्रेडवरची पेंटियमची आघाडीही मोडते. प्रत्येक बदलानंतर पाचव्या पायरीतल्या चाचण्या पुन्हा घेऊन आकडे एका वहीत, तारीख आणि बायोसच्या आवृत्तीसह लिहावेत.